रेघा ओढणारे यंत्र आणि आपल्या जिल्ह्याचा नकाशा

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात भूगोलाच्या शिक्षकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बी. ए., बी. एड. झालेला, भूगोल शिकविणारा शिक्षक आहे. यंत्राविषयी बोलावयाचे तर ते विज्ञान शिक्षकांनी बोलावे, अशी आपल्याकडे रीत आहे. परंतु शाळेच्या संगणक कक्षात ज्या यंत्राने आज सकाळपासून आपल्या मुलांना परभणी जिल्ह्याचे नकाशे काढून दिले, त्याच्याविषयी पालकांनी मला बरेच काही विचारले. हे काय आहे, कुठून आणले, त्यात किती पैसे घातले, आणि मुलांचा अभ्यास सोडून हे कशाला, असे चार प्रश्न प्रामुख्याने आले. चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याच्याकडे मी शेवटी येतो, कारण पहिल्या तिघांची उत्तरे कळल्याशिवाय त्याचे उत्तर देता येणार नाही.

या यंत्राला पेन प्लॉटर म्हणतात. आपल्या ओळखीचा जो प्रिंटर आहे तो कागदावर बारीक बारीक ठिपके उमटवितो आणि ते ठिपके इतके जवळजवळ असतात की आपल्याला त्यांची अक्षरे किंवा चित्र झालेले दिसते. प्लॉटरची रीत निराळी. तो खरोखरचे पेन उचलतो, कागदावर टेकवितो, रेघ ओढतो, पेन वर घेतो, दुसरीकडे नेतो आणि पुन्हा टेकवितो. थोडक्यात, माणूस जसे चित्र काढतो तसेच तो काढतो. आपल्याकडे आहे त्या यंत्रात पेन एका दिशेने ये-जा करते आणि कागद दुसऱ्या दिशेने पुढे-मागे सरकतो. दोन्ही हालचाली एकाच वेळी झाल्या की तिरपी रेघ, वळणदार रेघ, वर्तुळ, काय हवे ते निघते. शिवणयंत्रावर सुई एका जागी आणि कापड फिरते, हे ज्या माता-भगिनींनी पाहिले आहे त्यांना ही कल्पना लगेच समजेल.

अशी यंत्रे फार जुनी आहेत. अमेरिकेतील कॅलकॉम्प या कंपनीने १९५९ साली ५६५ क्रमांकाचा प्लॉटर बाजारात आणला. त्यात कागद एका ड्रमवर गुंडाळलेला असे. १९६५ साली जर्मनीतील श्टुटगार्ट शहरात गेओर्ग नेस या गृहस्थांनी प्लॉटरने काढलेल्या चित्रांचे प्रदर्शनच भरविले. हंगेरीत जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये राहिलेल्या व्हेरा मोलनार या चित्रकार बाईंनी १९६८ पासून संगणक आणि प्लॉटर वापरून चौकोन आणि रेघा यांची चित्रे काढली. २०२३ साली, वयाच्या निन्याण्णव्या वर्षी त्या गेल्या. परंतु प्लॉटरचे खरे काम कचेऱ्यांत होते. इंजिनिअर, आर्किटेक्ट, नगररचनाकार यांच्याकडे पूर्वी ट्रेसिंग पेपरवर शाईने नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन आणि ट्रेसर असत. १९८२ च्या डिसेंबरात ऑटोकॅड हा कार्यक्रम आला, संगणकावर आराखडे होऊ लागले आणि ते कागदावर उतरविण्यासाठी प्लॉटर लागू लागले. ह्यूलेट-पॅकर्ड, म्हणजे ज्याला आपण एचपी म्हणतो, त्या कंपनीने १९८३ साली ७४७५-ए हे यंत्र काढले. सहा पेनांची फिरकी असलेले, टेबलावर मावणारे, ए-४ आणि ए-३ कागद घेणारे. आपल्या कक्षात आहे ते हेच. पुढे १९९० नंतर मोठ्या कागदावर शाईचे फवारे मारणारे इंकजेट प्लॉटर आले आणि पेनाचे यंत्र कपाटावर गेले. कपाटावरून ते भंगारात गेले.

भंगारातूनच ते आपल्याकडे आले. ते कोणत्या कचेरीचे होते, हे सांगण्याचे कारण नाही. इतर लोखंडी सामानाबरोबर ते परभणीच्या एका भंगार दुकानात येऊन पडले होते. तेथे त्याचा भाव किलोवर ठरणार होता. वजन सात-साडेसात किलो, त्यात प्लास्टिक निम्मे. दुकानदारांचा मुलगा आपला माजी विद्यार्थी. त्याने मला फोन केला की, सर, एक मशीन आली आहे, तिच्यात पेन ठेवायला जागा आहे, तोडू का ठेवू? मी म्हटले, ठेव.

मला ते हवे होते याचे कारण भिंतीवरचा नकाशा. आपल्या नववीच्या वर्गातील जिल्ह्याच्या नकाशात हिंगोली, वसमत, कळमनुरी ही गावे अजून परभणी जिल्ह्यातच आहेत. १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, ही गोष्ट त्या नकाशाला कोणी कळविलेलीच नाही! मुले पुस्तकात वाचतात एक आणि भिंतीवर पाहतात दुसरे. मराठवाड्यात नकाशाची ही गंमत जुनीच आहे म्हणा. आपल्या आजोबांच्या पिढीने परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात पाहिली, त्यांच्या मुलांनी १९५६ नंतर द्विभाषिक मुंबई राज्यात, आणि १९६० नंतर महाराष्ट्रात. एकाच घरातील माणसे एकाच गावात राहून निरनिराळे नकाशे शिकली. परंतु आजच्या मुलाला आजचा नकाशा मिळालाच पाहिजे. तालुक्यांचे मोठे, मराठी आणि उर्दू दोन्ही नावे असलेले नकाशे मला बाजारात मिळाले नाहीत. तेव्हा ते आपणच काढावेत असे मनात होते.

आता दुरुस्तीविषयी. ज्या विद्यार्थ्यांनी हे काम केले ते समोर बसले आहेत, म्हणून क्रमाने सांगतो.

जुने यंत्र हाती आल्याबरोबर त्याचा प्लग भिंतीत घालू नये. यंत्र परदेशातून आलेले असेल तर ते आतून ११० व्होल्टवर ठेवलेले असू शकते, आणि आपल्याकडील २३० व्होल्ट लागले की क्षणात धूर निघतो. आधी ते तपासावे. विजेच्या भागाला मुलांनी आणि मी हात लावला नाही. ते काम टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका जाणत्या मिस्त्रींनी केले. त्यांनी झाकण काढले, चाळीस वर्षांची धूळ ब्रशने झाडली, कपॅसिटर पाहिले आणि मगच वीज दिली. यंत्राने स्वतःशीच थोडी कुरकुर केली, पेन धरणारा हात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन आला आणि दिवा लागला. या यंत्राच्या पोटात कंपनीने एक नमुना-चित्र घालून ठेवलेले असते. संगणक न जोडताही ते काढून पाहता येते. ते निघाले म्हणजे मोटारी, पट्टे आणि आतील डोके शाबूत आहे असे समजावे. आमचे निघाले, पण कोरडे निघाले, कारण एकाही पेनात शाई नव्हती. कागदावर नुसत्या ओरखड्यांचे चित्र उमटले. मुलांनी तो कागद उजेडाकडे तिरपा धरून पाहिला आणि टाळ्या वाजविल्या.

रबराचे जे जे भाग होते ते सगळे बिघडले होते. पेन वाळू नये म्हणून फिरकीत रबरी टोप्या असतात. त्यांचे डांबरासारखे चिकट झाले होते. ते खरवडून, स्पिरिटने पुसून काढावे लागले. कागद धरण्यासाठी खाली खरखरीत चाके असतात आणि वरून रबरी चाके दाबतात. खरखरीत चाके कागदाला इतक्या बारीक खुणा पाडतात की कागद कितीही वेळा पुढे-मागे गेला तरी त्याच खुणांत येऊन बसतो, आणि म्हणूनच रेघ रेघेवर अचूक येते. या चाकांत कागदाचा भुसा भरलेला होता. दात घासण्याच्या जुन्या ब्रशने तो काढला.

पुढची अडचण जोडणीची. १९८३ सालच्या यंत्राला यूएसबी ठाऊक नाही. त्याच्या पाठीमागे पंचवीस छिद्रांचे कनेक्टर आहे. त्या पद्धतीला आरएस-२३२ म्हणतात. आजच्या संगणकाला तशी जागाच नसते. यावर तोड म्हणून यूएसबीतून आरएस-२३२ करून देणारी एक लहान डबी मिळते, आमच्या डबीला पाचशे रुपयांपेक्षा कमी पडले. यंत्राच्या मागे ओळीने बारीक स्विच असतात, त्यांवर वेग ९६०० ठेवावयाचा आणि संगणकालाही तोच वेग सांगावयाचा. दोघांचा वेग जुळला नाही तर एक जण बोलतो आणि दुसऱ्याला नुसता गोंगाट ऐकू येतो.

भाषा जुळविणे मात्र सोपे निघाले. या यंत्राची भाषा एचपी-जीएल नावाची आहे आणि ती इतकी साधी आहे की सातवीच्या मुलाला एका तासात येते. दोन रोमन अक्षरांची आज्ञा, मग आकडे, मग अर्धविराम. आयएन म्हणजे सुरुवात कर. एसपी म्हणजे पेन घे, पुढे पेनाचा क्रमांक. पीयू म्हणजे पेन वर करून जा, पीडी म्हणजे पेन टेकवून जा. अंतराचे माप असे की एका मिलिमीटरचे ४० भाग. ए-४ कागदावर आडवे ११,०४० आणि उभे ७,७२१ भाग मिळतात, म्हणजे सुमारे २७६ बाय १९३ मिलिमीटर. मुलांना मी म्हटले की, आलेख कागदावर जसे क्ष आणि य चे बिंदू मांडता तसेच हे. पेन वर करून १०००,१००० वर जा, टेकव, ३०००,१००० वर ने, तेथून ३०००,३००० वर, तेथून १०००,३००० वर आणि परत. आठवीच्या एका मुलीने हे सर्व फळ्यावर लिहिले, दुसऱ्याने संगणकात भरले. चौकोन निघाला. पट्टी लावून पाहिले तर बाजू बरोबर ५ सेंटिमीटर. निर्देशांक-भूमिती कशाला शिकावयाची, हा प्रश्न त्या दिवसापासून त्या वर्गात मला कोणी विचारलेला नाही.

चौकोन निघाला म्हणून जिल्ह्याची सीमा पाठविली. ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांसाठी खुल्या असलेल्या नकाशातून ती घेतली, क्यूजीआयएस या मोफत कार्यक्रमात ती सुटसुटीत केली, इंकस्केप या दुसऱ्या मोफत कार्यक्रमातून तिचे एचपी-जीएल केले. यात कुठेही पैसे पडले नाहीत, हे पालकांनी लक्षात घ्यावे. यंत्राने सेलूच्या बाजूने सुरुवात केली, जिंतूरकडे छान वर चढले, आणि मध्येच पेन एकदम फिरून कागदाच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात सरळ रेघ मारीत गेले. चुकीचा दिवा लागला. पुन्हा केले, पुन्हा तेच, मात्र या वेळी दुसऱ्या ठिकाणी.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. या यंत्राच्या स्मरणात एका वेळी फक्त १०२४ अक्षरे मावतात. ९६०० या वेगाने संगणक सेकंदाला सुमारे ९६० अक्षरे पाठवितो. म्हणजे एका-सव्वा सेकंदात भांडे भरते. पेन मात्र खरोखरचे आहे, त्याला चालावयास वेळ लागतो. उन्हाळ्यात आपल्या मोहल्ल्यात टँकर येतो तेव्हा काय होते ते आठवा. टँकरचा पाइप सोडला की घागर क्षणात भरते. घागरवाल्या बाईने “बस, थांब” म्हटले आणि पाइपवाल्याने ऐकले तर ठीक, नाही तर पाणी रस्त्यावर. यंत्रसुद्धा “थांब” म्हणत होते, पण संगणकापर्यंत ते पोहोचत नव्हते. जी अक्षरे सांडली त्यांत एखाद्या बिंदूचा अर्धा आकडा गेला, आणि पेन भलतीकडे निघाले. चौकोन लहान होता, तो एका घागरीत मावला, म्हणून तेव्हा काही कळले नाही.

“थांब” म्हणण्याच्या दोन रीती आहेत. एक, यंत्राने त्याच तारेवरून एक ठरलेली खूण परत पाठवावयाची: १९ क्रमांकाचे अक्षर म्हणजे थांब, १७ क्रमांकाचे म्हणजे पुन्हा चालू कर. दुसरी, त्यासाठी वेगळी तारच ठेवावयाची. भांडे भरत आले की यंत्र त्या तारेवरील दाब काढून घेते आणि संगणक गप्प बसतो. आम्ही दुसरी रीत धरली, कारण तीत संगणकावरील कार्यक्रमाला काही शिकवावे लागत नाही. अडचण एवढीच की बाजारात तयार मिळालेली केबल आम्ही उघडली तेव्हा तिच्यात तीनच तारा होत्या: एक जाण्याची, एक येण्याची आणि एक जमिनीची. बाहेरून पंचवीस टाचण्यांचा दिमाख आणि आत तीन तारा! “थांब” सांगणारी तार घातलेलीच नव्हती.

तेव्हा केबल आपणच केली. ज्यांना हे काम करावयाचे असेल त्यांच्यासाठी सांगून ठेवतो. यंत्राच्या बाजूची २ संगणकाच्या नऊ टाचण्यांच्या बाजूच्या २ ला, ३ ही ३ ला, ७ ही ५ ला, आणि यंत्राची २० ही संगणकाच्या ८ आणि ६ ला. संगणकात हार्डवेअर पद्धतीने थांबणे चालू करावयाचे. एवढे केले की झाले. सोल्डरिंग मिस्त्रींच्या देखरेखीखाली आपल्या दहावीतील एका विद्यार्थ्याने केले. त्याचे नाव मी मुद्दाम घेत नाही, त्याला आवडणार नाही. त्या दिवशी दुपारी सीमा अखंड निघाली. जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा आणि परभणी, नऊही तालुके. प्रमाण १ सेंटिमीटरला ५ किलोमीटर. लाल पेनाने रस्ते, काळ्याने लोहमार्ग, मनमाडहून येऊन सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा करीत नांदेडला जाणारा आणि परभणीहून गंगाखेडमार्गे परळीला जाणारा. निळ्याने गोदावरी, पूर्णा आणि दुधना. सुमारे अर्धा तास लागला आणि त्या अर्ध्या तासात एकही मूल जागेवरून उठले नाही. नदी काढली जात असताना पाहणे आणि काढलेली नदी पाहणे यात फरक आहे. गोदावरी किती वळणे घेते हे मी दहा वर्षे शिकवीत आलो, पण पेन त्या वळणावरून जाताना मुलांच्या माना जशा वळल्या तशा माझ्या शिकविण्याने कधी वळल्या नाहीत.

या दहावीतील विद्यार्थ्याविषयी थोडे बोलले पाहिजे. त्याच्या वडिलांचे रेडियमचे दुकान आहे. रिक्षांवर, मोटारसायकलींवर, ट्रकच्या काचांवर जी नावे आणि नक्षी कापून चिकटवितात, ते काम. पहिल्या दिवशी फळ्यावर पीयू, पीडी लिहिलेले पाहून तो म्हणाला, “सर, आमच्या दुकानातली मशीन हेच बोलते.” मला ते खरे वाटेना. दुकानात जाऊन पाहिले. खरेच होते. रेडियम कापण्याचे जे यंत्र आज गावोगावी आहे तेही प्लॉटरच आहे. पेनाच्या जागी त्यात पाते असते एवढेच, आणि त्यांतील बहुतेक यंत्रांना एचपी-जीएल समजते. चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्राची भाषा परभणीच्या बाजारात रोज बोलली जात होती आणि आम्ही ती पुस्तकात शोधीत होतो. या मुलाने मला एक गोष्ट शिकविली. पात्याचे टोक त्याच्या मध्याच्या किंचित बाजूला असते, म्हणून कोपरा कापताना यंत्र थोडे पुढे जाऊन वळते. त्याच यंत्रात पात्याऐवजी पेन बसविले तर ही सूट शून्य करावी लागते, नाही तर प्रत्येक कोपऱ्याला गाठ येते. ज्या शाळांना जुना प्लॉटर मिळणार नाही त्यांनी आपल्या गावच्या रेडियमवाल्याकडे जावे. नकाशा तेथेही निघेल.

पेनांचा प्रश्न लेथवाल्याने सोडविला. या यंत्राची मूळ पेने आता सहज मिळत नाहीत आणि मिळाली तर वाळलेली असतात. जुन्या पेनाचे माप घेऊन नायलॉनच्या कांडीतून तशीच बाहेरची नळी कातून घेतली आणि तिच्यात स्केचपेनचे किंवा जेल पेनचे टोक बसविले. बॉलपेन चालत नाही, त्याला जितका दाब लागतो तितका हे यंत्र देत नाही. जेलची शाई वेगात तुटते. यंत्राचा वेग सेकंदाला ३८ सेंटिमीटरपर्यंत जातो, तो व्हीएस या आज्ञेने १० वर आणला की रेघ भरीव येते.

यंत्र चालले, आणि मग अक्षरांनी आम्हांला अडविले. नकाशावर नावे नकोत काय? संगणकातील मराठी अक्षरे घेतली तर प्लॉटर त्यांची नुसती कड काढतो. अक्षर आतून पोकळ, रांगोळीच्या छापासारखे. कारण संगणकातील अक्षर म्हणजे रेघ नसून आकार असतो. एका रेघेची अक्षरे अमेरिकेत डॉ. हर्शी यांनी १९६७ साली तयार केली, त्यांत रोमन आहे, ग्रीक आहे, रशियन आहे, जपानी चिन्हेसुद्धा आहेत. देवनागरी नाही, उर्दू नाही. संगणकावरील देवनागरीसाठी आपल्याकडे र. कृ. जोशी यांनी फार मोठे काम केले. आपण संगणकावर पाहतो ते ‘मंगल’ हे अक्षर त्यांचेच. पण तेही आकाराचे अक्षर आहे, ते छापण्यासाठी आणि पडद्यावर वाचण्यासाठी केलेले. पेनाला चालावयास रस्ता हवा होता.

तो रस्ता आपल्या नववीच्या मुलींनी आखला. चौकटीच्या कागदावर एकेक अक्षर मांडले: पेन कुठे टेकवावयाचे, कुठून कुठे न्यावयाचे, कुठे उचलावयाचे. यात मुलांपेक्षा मुली फार पुढे निघाल्या, आणि मला त्याचे कारण उशिरा कळले. त्यांतील चौघी-पाचजणी लग्नाच्या मोसमात मेंदी काढतात. कोन एकदा टेकविला की कुठपर्यंत न उचलता न्यावयाचा, हे त्यांच्या बोटांत आहे. ‘भ’ आणि ‘ण’ या अक्षरांत कमीत कमी वेळा पेन कसे उचलावे यावर त्यांनी आपसांत बराच वाद घातला. शिरोरेषा प्रत्येक अक्षरावर वेगवेगळी काढू नये, सगळा शब्द झाल्यावर शेवटी एकदम ओढावी, आपण हाताने लिहिताना पुष्कळदा ओढतो तशी, ही सूचना त्यांचीच. त्यामुळे ‘परभणी’ लिहिताना चार ठिकाणची थांबाथांब वाचली. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘त्र’ आणि जोडाक्षरे यांना दोन आठवडे लागले.

उर्दूचे काम अवघड आहे आणि ते पुरते झालेले नाही. उर्दूत एकच अक्षर शब्दाच्या आरंभी, मध्ये आणि शेवटी निराळे रूप घेते, आणि नस्तालीक लिपीत शब्द उजवीकडून डावीकडे जाताना खाली उतरत जातो. शिवाय कातिबाच्या कलमाने रेघ कुठे जाड कुठे बारीक होते, आणि प्लॉटरचे पेन तर सगळीकडे सारखेच. छपाईत नस्तालीक संगणकावर आणण्यासाठी १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांना ‘नूरी नस्तालीक’मध्ये हजारो जोडरूपे हाताने लिहावी लागली होती. आमचे नकाशे त्यामुळे सध्या साध्या, सरळ नस्ख वळणाची उर्दू अक्षरे वापरतात. वाचता येतात, परंतु सुंदर आहेत असे मी म्हणणार नाही.

आता चौथा प्रश्न. तो मला पहिल्यांदा ज्यांनी विचारला ते या सभेत आहेत. हजरत तुराबुल हक यांच्या उरुसाचे दिवस जवळ आले होते, दुकानात गर्दी, आणि मुलगा शाळा सुटल्यावरही दोन तास संगणक कक्षात. वडील शाळेत आले आणि म्हणाले, “सर, ये लकीरां खींचके क्या मिलनेवाला है?” त्यांचा राग खोटा नव्हता. घरात कमावणारे हात दोन, त्यांत एक मुलाचा. दहावी झाली की त्याने दुकानात पूर्ण वेळ बसावे, असे त्यांचे ठरलेले होते. मी त्यांना म्हटले, भाईसाहेब, आधी बसा आणि पाहा. मुलाने त्यांना त्यांच्याच आडनावाचे उर्दू अक्षर जोडून काढून दाखविले. दुकानातील जुन्या कार्यक्रमात उर्दूची अक्षरे सुटी सुटी पडत, म्हणून तसे गिऱ्हाईक ते परत पाठवीत असत. ते कागद घेऊन उठले आणि मुलाला त्या दिवशी दुकानात बोलाविले नाही.

दुकानाचा धंदा वाढेल, एवढ्यावर ते खूश झाले. मी नाही. जो मुलगा केबल उघडून तीन तारा मोजतो आणि चौथी कोणती हवी हे विचारतो, त्याने आयटीआयचा दोन वर्षांचा ड्राफ्ट्समनचा अभ्यासक्रम किंवा पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा करावा, असे मला वाटते. संध्याकाळी त्याने दुकान जरूर पाहावे. वडिलांना वाटते, दुकान चालते आहे तोवर ते सोडून शिकावयास जाणे म्हणजे हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे. आमची यावर तीन वेळा बैठक झाली, चहा झाला, निर्णय झालेला नाही. निकाल लागल्यावर पुन्हा बसावयाचे ठरले आहे. इतर पालकांना मी एवढेच विचारतो की गॅरेजमध्ये, वेल्डिंगच्या दुकानात, मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर आपली मुले जे शिकली आहेत ते शाळेला सांगा. ते आम्हांला ठाऊक नसते. रेडियमच्या दुकानात मी कधी पाऊल टाकले नसते तर त्या मुलाला काय येते हे मला त्याच्या गुणपत्रिकेवरून कधीही कळले नसते, आणि त्याची गुणपत्रिका, खरे सांगावयाचे तर, सामान्य आहे.

खर्चाचा हिशेब कक्षाच्या दारावर लावला आहे: यंत्राचे भंगाराच्या भावाने पैसे, डबी, तारा, लेथचे काम आणि पेने. मिस्त्रींनी काही घेतले नाही. जिल्ह्याचा नकाशा पूर्ण आहे, ज्या शाळांना हवा असेल त्यांनी ए-३ चा जाड कागद घेऊन यावे. तालुक्यांपैकी परभणी, पूर्णा, जिंतूर आणि सेलू झाले आहेत. गंगाखेडचा अर्धा झाला आहे. रस्ते, रेल्वे आणि गावांची नावे निघाली, आणि निळे पेन संपले, म्हणून गोदावरी तेवढी राहिली आहे. ती येत्या शनिवारी दुपारी काढू. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी दोन वाजता यावे.